ब्रश, चार इंची, एक

जहाज बुडायला सात मिनिटं पुरतात. तेच जहाज अठ्ठेचाळीसपट लहान करून अचूक बांधायला एकोणीस वर्षं लागतात. संहारापेक्षा निर्मितीचं काम मोठं आहे हे यावरून सिद्ध होतं, असं चॅटमच्या लघुयुद्धनौका मंडळाच्या घटनेत पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. घटना एकशे बारा कलमांची आहे. इंग्लंड देशाला एका पुस्तकात लिहिलेली घटना नाही आणि त्यावाचून देशाचं काही अडत नाही. पण देशाला जहाजाचा रंग ठरवायचा नसतो.

मंडळाची सभा दर दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत भरते. चहा मंडळाचा, बिस्किटं मंडळाची, कप ज्याचा त्याने आणायचा. (पूर्वी कप मंडळाचे असत. त्यांवर नौदलाचा नांगर छापलेला होता आणि नांगराचा दोर उजवीकडून गुंडाळलेला होता. तो डावीकडून असायला हवा, हे लक्षात आल्यावर बहात्तर कप ठरावाने फोडण्यात आले.)

डेस्मंड पॉकली या मंडळाचा एकतीस वर्षांचा सभासद. हयातभर त्याने बस कंपनीत वेळापत्रकं आखली. बस कधी वेळेवर आली नाही, पण वेळापत्रकात चूक कुणाला दाखवता आली नाही. असा माणूस पन्नाशीला टेकला की त्याचं काय करायचं हा प्रश्न दुसऱ्या देशांना पडतो. इंग्लंडमध्ये त्याला जहाज देतात.

डेस्मंडचं जहाज ‘टीझल’. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांच्या तांड्याची राखण करणारी एक बुटकी युद्धनौका. लांबी दोनशे पाच फूट, धुराडं एक, पराक्रम विशेष नाही. सत्तेचाळीस साली ती भंगारात गेली आणि तिच्या पोलादाची, म्हणे, दाढीची पाती झाली. म्हणजे मूळ जहाज लोकांच्या गालांवरून फिरून संपलं. प्रतिकृती डेस्मंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर होती, सव्वाचार फुटांची, आणि पॉकली नवराबायको एकोणीस वर्षं मांडीवर ताटली घेऊन जेवत होते.

या एकोणीस वर्षांपैकी अकरा वर्षं वाचनात गेली, चार पत्रव्यवहारात, साडेतीन भांडणांत, आणि राहिलेल्या सहा महिन्यांत त्याने लाकूड वगैरे चिकटवलं. या संशोधनाचं फळ काय, असं अडाणी लोक विचारतात. फळ असं की, कॅप्टनच्या खोलीतल्या ब्लँकेटला तीन निळे पट्टे होते हे आता जगाला ठाऊक आहे. डेस्मंडने ते तीन पट्टे एका केसाच्या ब्रशने रंगवले, ब्लँकेट बिछान्यावर अंथरलं आणि वर डेक चिकटवून टाकला. आता ते कुणालाही दिसणार नाही. पण ते चुकीचं असतं तर डेस्मंडला झोप लागली नसती.

जहाजावर एक मांजरही होतं. त्याचे पुढचे दोन्ही पाय पांढरे की डावाच, यावरून दोन हजार अकरा साली मंडळाच्या चार सभासदांनी राजीनामे दिले. त्यांपैकी दोघे सख्खे भाऊ होते. ते अजून बोलत नाहीत.

आता पुराव्याची उतरंड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तीवरच आहे. घटनेच्या एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे पुरावे पाच प्रतींचे असतात. ‘अ’ म्हणजे नौदलाच्या कचेरीतला कागद. ‘ब’ म्हणजे तारीख आणि क्रमांक असलेला फोटो. ‘क’ म्हणजे मंडळाच्या एखाद्या सभासदाने पूर्वी बांधलेली आणि मंडळानेच अचूक ठरवलेली प्रतिकृती. ‘ड’ म्हणजे मृत खलाशाची डायरी किंवा पत्रं. आणि सगळ्यांत खाली, ‘इ’ म्हणजे त्या जहाजावर प्रत्यक्ष असलेला जिवंत माणूस. जिवंत माणूस प्रसंगाच्या जागी स्वतः हजर असल्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती धरता येत नाही. शिवाय तो प्रश्नाचं उत्तर सोडून दुसरंच काहीतरी सांगत बसतो. मेल्यावर ही खोड जाते. म्हणून मृताला एक पायरी बढती आहे.

कोणत्याही तपशिलाला दोन लेखी पुरावे लागतात. तसे सगळ्या तपशिलांचे असले तर जूनमधल्या वार्षिक प्रदर्शनात ‘पूर्णतः अचूक’ असं प्रमाणपत्र मिळतं. मंडळाच्या इतिहासात ते दोघांनाच मिळालं होतं, आणि त्यांतल्या एकाचं परत घेण्यात आलं. डेस्मंडला तिसरा व्हायचं होतं. दोन हजार एकोणीसच्या मार्चपर्यंत त्याचं सगळं जुळलं होतं. राहिला होता तो बाहेरचा रंग. मार्च बेचाळीसमध्ये, आइसलंडच्या बंदरात, टीझल पांढऱ्या आणि फिकट हिरव्या पट्ट्यांनी रंगवली गेली. हिरवा कोणता, एवढाच सवाल. कागद म्हणत होता क्रमांक सत्तेचाळीस. मंडळाचे अध्यक्ष ग्रेनव्हिल स्पायसर म्हणत होते सत्तेचाळीस-अ. (दोन्हींच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर फरक फक्त स्पायसरना दिसतो, अध्यक्ष असल्यामुळे.)

अशात एका दुपारी डेस्मंडची बायको बेरिल बाहेरून आली. ती आठवड्यातून एकदा रेनमच्या वृद्धाश्रमात वाचनालयाची गाडी ढकलत पुस्तकं वाटायला जायची.

“डेस, तुझ्या टीझलवरचा माणूस रेनमला आहे,” कोट काढत ती म्हणाली. “खिडकीपाशी बसून कस्टर्ड खातोय.”

“कुठल्या टीझलवरचा?”

“किती टीझल आहेत आपल्या घरात? हॉगबेन नाव. सत्त्याण्णव वर्षांचा आहे. मी म्हटलं, माझा नवरा तुमचं जहाज बांधतोय. तर म्हणाला, का, जुन्याचं काय झालं?”

“पुरावा काय, की तो टीझलवरच होता?”

“मला कोपरापर्यंत बाही वर करून ‘टीझल’ नावाचं गोंदण दाखवलं त्याने. एकोणीस वर्षं सगळ्या जगाकडे पुरावा मागून झाला तुझा, आता त्या म्हाताऱ्याची कातडी तपासायला जा.”

डेस्मंड गेला. जाताना त्याने प्रश्नावली नेली, रंगांच्या पट्ट्या नेल्या आणि कातडीवरचं गोंदण मोजायला फूटपट्टीही नेली.

हॉगबेन खिडकीशी होते. त्यांचे गुडघे ब्लँकेटखाली होते (एकरंगी, डेस्मंडने पाहून ठेवलं). डेस्मंडने पट्ट्या त्यांच्या मांडीवर पसरल्या.

“मिस्टर हॉगबेन, यांतला हिरवा कोणता?”

म्हाताऱ्याने सगळ्या पट्ट्या एकदा पाहिल्या आणि पत्त्यांसारख्या गोळा करून परत दिल्या. “यांतला नाही रे, पोरा.”

डेस्मंडचं वय अडुसष्ट होतं.

“कागदावर सत्तेचाळीस लिहिलंय.”

“कागदावर असेल. जहाजावर नव्हता. अर्धं जहाज झालं नि रंग संपला. मग बोसनने, म्हणजे आमच्या मुकादमाने, कुठल्या तरी कोळ्याच्या खोपटातून एक डबा आणला, त्यात पांढरा घातला, टर्पेंटाइन घातलं, आणि ढवळायला वल्हं घेतलं. वाटाण्याच्या सुपासारखा झाला. तोच फासला आम्ही.”

“किती भाग पांढरा, किती भाग हिरवा?”

“थंडी किती होती ते विचार. ब्रशचे केस उभे राहायचे. मी आणि सिरिल बॅगॉट एका फळीवर होतो, दोरांनी सोडलेल्या, जहाजाच्या डाव्या अंगाला, पार पुढे. तो ग्रिम्झबीचा. तिथल्या पावाच्या भट्टीत होता. आयुष्यभर उबेत राहिलेला माणूस, त्याला नेमकं आइसलंडला धाडलं. सारखा म्हणायचा, हॉगी, परत गेलो की भट्टीतच घुसून बसणार. हात चालू, तोंड चालू. आणि बोलता बोलता त्याच्या बाजूचा दोर सरकला.”

डेस्मंडने पेन्सिल थांबवली नाही. ‘दोर: सरकला’ असं त्याने लिहिलं आणि पुढे ‘जाडी?’ असं.

“पाणी तसलं असलं की माणूस ओरडत नाही. ब्रश हातातच होता त्याच्या. वर बघितलं मी, तर त्याचा हात जिथवर आला होता तिथवर हिरवा, आणि पुढे जुना करडा. मधेच थांबलेला. बोसन म्हणाला, पुरं करा ते. कुणी केलं नाही. कॅप्टननेही पाहिलं आणि काही बोलला नाही. सबंध वर्षभर आम्ही तो तुकडा तसाच घेऊन फिरलो. दोन हात लांब, दीड हात रुंद. त्याच्यावरून आमचं जहाज ओळखायचे दुसऱ्या जहाजांवरचे लोक, म्हणायचे, ए, तुमचं रंगवायचं राहिलंय. आम्ही म्हणायचो, राहिलंय खरं.”

मग त्यांनी डेस्मंडची बाही धरली. “जहाज केव्हा होईल तुझं?”

“जूनमध्ये.”

“मेपर्यंत कर. आणि मला आणून दाखव. तो तुकडा सोड तेवढा. दुसरं काही चुकलं तरी चालेल.”

दुसरं काही चुकलं तरी चालेल, हे वाक्य डेस्मंडने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याने हो म्हटलं. हो म्हणायला पुरावा लागत नाही.

पुढच्या मंगळवारी त्याने सभेपुढे विषय मांडला. सभेत एकोणीस जण हजर होते. निवेदन संपल्यावर शांतता पसरली, आणि ती आदराची असावी असं डेस्मंडला वाटलं.

“टर्पेंटाइन म्हणाले की स्पिरिट?” स्पायसर म्हणाले.

“टर्पेंटाइन.”

“आठवतंय म्हणतात की खात्री आहे म्हणतात?”

“मिस्टर स्पायसर, तिथे माणूस बुडाला.”

“त्याबद्दल सभेला वाईटच वाटतं, तसं नोंदवा. पण पॉकली, भावना जरा बाजूला ठेवू. एक सत्त्याण्णव वर्षांचा गृहस्थ वाटाण्याचं सूप म्हणतो. उद्या दुसरा गाजराचं म्हणेल. आपण स्वयंपाकघर चालवत नाही. डायरी ठेवली होती का त्यांनी?”

“पेन्सिल धरवत नव्हती म्हणाले, थंडीत.”

“तिथेच सगळं आलं,” स्पायसर म्हणाले, आणि बिस्किटांची ताटली पुढे सरकली.

डेस्मंडने हार मानली नाही. तो लंडनच्या अभिलेखागारात गेला, एकेचाळिसाव्यांदा. तिसऱ्या दिवशी त्याला टीझलच्या सामानाची वही मिळाली आणि तिच्यात चौदा मार्च बेचाळीसची नोंद मिळाली: ‘ब्रश, चार इंची, एक. समुद्रात गेला. बदली मागवला.’

डेस्मंडने ती नोंद तीनदा उतरवून घेतली. म्हातारा खरं बोलत होता. महिना जुळत होता, समुद्र जुळत होता, ब्रश जुळत होता. (माणसांच्या नोंदी वेगळ्या वहीत असतात. ती वही रंगाच्या कामाची नसल्यामुळे डेस्मंडने मागवली नाही.)

ही नोंद वाचून दाखवली तेव्हा सभेत टाळ्या पडल्या. मंडळाच्या अठ्ठावन्न वर्षांत असा पुरावा सापडला नव्हता. ब्रश चार इंची, म्हणजे प्रतिकृतीवर रंगाचा प्रत्येक फटकारा एक इंचाचा बारावा भाग, हे आता कुणाच्या बापाला नाकारता येणार नव्हतं. स्पायसरनी उभं राहून डेस्मंडशी हात मिळवला. मग एकमताने ठराव झाला: (एक) ब्रशची रुंदी मान्य, (दोन) ब्रश समुद्रात गेला हे मान्य, (तीन) त्या वेळी ब्रश कुणाच्या हातात होता याबद्दल वही गप्प असल्यामुळे, ब्रशधारकाचा उल्लेख इतिवृत्तात केवळ ‘ब्रशधारक’ असा करावा, (चार) न रंगवलेल्या तुकड्याला लेखी आधार नाही, सबब तो रंगवलेला धरावा.

“निदान त्यांच्याकडून लिहून आणा,” स्पायसर जाताना दयाळूपणे म्हणाले. “सही, तारीख. आता ‘इ’मध्ये आहे, पण पुढे-मागे, म्हणजे वयाकडे बघता, ‘ड’मध्ये जाईल.”

मंडळाचा नमुना क्रमांक सहा दोन पानांचा आहे. डेस्मंडने तो हॉगबेनना नेऊन दिला. एप्रिल होता, आणि म्हाताऱ्याचा हात आता कस्टर्डचा चमचाही सरळ नेत नव्हता. सबंध दुपार घेऊन त्यांनी एकच रकाना भरला. ‘रंगाचं नाव’ या रकान्यात त्यांनी आपल्या त्या दोस्ताचं नाव लिहिलं, आणि फॉर्म परत दिला.

मंडळाने फॉर्म नियमाप्रमाणे तपासला. त्या नावाचा रंग कोणत्याही तक्त्यात आढळला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, खाली जुन्या करड्याचा हात देऊन, डेस्मंड हिरवा रंगवायला बसला. हिरव्या क्रमांक सत्तेचाळीसचे अकरा डबे त्याच्या फळीवर होते. डाव्या अंगाला, पार पुढे पोचल्यावर त्याचा हात थांबला. बेरिल मांडीवर ताटली घेऊन समोर बसली होती.

“त्याची आई होती का रे?” तिने विचारलं.

“कुणाची?”

“त्या ग्रिम्झबीवाल्याची. तिला काय कळवलं असेल?”

डेस्मंडकडे सोळा फायली होत्या. मांजराची वेगळी फाइल होती. या प्रश्नाची नव्हती.

“तुकडा सोडला तर प्रमाणपत्र जातं, बेरिल.”

“मग नको सोडू. त्याला विसरणारा तू एकटाच थोडा आहेस.”

डेस्मंडने तो तुकडा रंगवला. एक इंचाच्या बाराव्या भागाएवढ्या फटकाऱ्यांनी, अत्यंत अचूक.

रेनमहून निरोप आला की मिस्टर हॉगबेन आता खिडकीपाशी बसत नाहीत. तेव्हा डेस्मंडने जहाज चादरीत गुंडाळलं आणि दोघांनी ते बिछान्यापाशी नेऊन ठेवलं. म्हाताऱ्याने चष्मा मागितला नाही. तो बोटांनीच पाहत गेला. धुराड्यावरून, तोफेवरून, शिडीवरून. मांजरापाशी किंचित हसला. “दोन्ही पाय पांढरे होते,” तो म्हणाला. (ही माहिती ‘इ’ प्रतीची असल्यामुळे मंडळाला कळवण्यात आलेली नाही.) मग बोटं डाव्या अंगाला आली, पुढे सरकली आणि थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली.

“दोस्त कुठाय माझा?”

“मिस्टर हॉगबेन, मी शोधलं. फार शोधलं. त्याचा पुरावा नाही मिळाला.”

“कसा मिळेल? पाण्यात पडला ना तो.”

म्हाताऱ्याने अंगठा जहाजाला लावला आणि नखाने रंग खरवडायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांच्या कामावर नख फिरल्याचा आवाज बारीक असतो, पण ऐकू येतो. बेरिलने नवऱ्याचा दंड धरला, तो पुढे झेपावेल म्हणून. तो झेपावला नाही. चांगली दहा मिनिटं म्हातारा खरवडत होता. मग त्याने नख ब्लँकेटला पुसलं आणि उशीवर मान टाकली. “आता टीझल आहे,” तो म्हणाला.

डेस्मंडने सवयीने खिशातून मापक काढलं. तुकडा एकोणीस मिलिमीटर लांब होता, बारा मिलिमीटर रुंद. अठ्ठेचाळीसने गुणलं की दोन हात लांब, सव्वा हात रुंद.

“रुंदीला जरासा कमी आहे, पण प्रमाणात आहे,” तो बेरिलला म्हणाला, आणि मापक परत खिशात ठेवलं.

हॉगबेन प्रदर्शनाच्या नऊ दिवस आधी गेले. नियमाप्रमाणे ते आता ‘ड’ प्रतीत आले होते, पण बढती घ्यायला कागद हवा आणि त्यांनी मागे ठेवलेला कागद फेटाळला गेला होता. स्पायसरनी जहाज तपासलं तेव्हा ते हळहळले.

“पॉकली, हे पाच मिनिटांचं काम आहे. आज संध्याकाळी हात फिरवा, प्रमाणपत्र तुमचं.”

“नाही जमणार.”

“का?”

“रंग संपला,” डेस्मंड म्हणाला. अकरा डबे घरी होते, आणि स्पायसरना ते ठाऊक होतं. तरी त्यांना पुढे बोलता येईना, कारण सभासदाच्या फळीवर किती डबे आहेत याचा लेखी पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

टीझलला शंभरपैकी एकोणनव्वद गुण मिळाले. ‘वाहतुकीत झालेली इजा’ या सदराखाली अकरा कापले. पहिला नंबर एका सुरुंग काढणाऱ्या बोटीला गेला आणि दुसरा एका पाणबुडीला, जिचा पाण्याखालचा भाग दिसत नसल्यामुळे बांधलेलाच नव्हता. पॉकली नवराबायको आता टेबलावर जेवतात.

टीझल मंडळाच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: लांबी, प्रमाण, रंग, ब्रश, संदर्भ चौदा. लोक वाकून पाहतात, नखाएवढा तो करडा तुकडा पाहतात, आणि म्हणतात, छान आहे, फक्त इथे जरा खरचटलंय.

वाचकहो, तुम्हीही मन लावून इथवर आला आहात, तेव्हा मंडळात येण्याची तुमची लायकी आहे का तेही पाहून टाकू. मंडळाची प्रवेशपरीक्षा तीन प्रश्नांची असते आणि मागे वळून न पाहता द्यावी लागते. हिरव्याचा क्रमांक किती? ब्रश किती इंची? आणि तो ज्याच्या हातात होता त्या माणसाचं नाव काय?

नाव वर एकदा सांगितलेलं आहे, गावासकट, आणि तो पूर्वी काय काम करायचा त्यासकट. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडावर आली आणि तिसऱ्यासाठी पान मागे उलटावं लागलं, तर तुम्ही उत्तीर्ण आहात. सभा दर दुसऱ्या मंगळवारी, सात वाजता. कप आपला आणावा.